पडणाऱ्या देहाचं वजन

दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा उजव्या हाताने तीस वेळा ओढायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तीस वेळा ओढायचा, असं फिजिओने सांगितलं होतं. खार बाविसाव्या वेळी पट्टा ओढत होती, तेव्हा वहिनीने पेपर उघडला आणि म्हणाली, "अगं, तुमच्या सिनेमाचं परीक्षण आलंय."

खार हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौदा वर्षांपूर्वी ती स्टंटच्या कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात बाकीचे शिडी शोधत होते आणि ही पाइपला धरून सरसर गच्चीवर पोचली. कुणीतरी खार म्हणालं आणि ते चिकटलं. सिनेमातली नायिका काचेतून आरपार जाते, जिन्यावरून गडगडत येते, चालत्या गाडीतून बाहेर फेकली जाते, तेव्हा ती नायिका नसते. खार असते, किंवा खारीसारखी दुसरी कुणीतरी.

तिचा सख्खा मोठा भाऊ, दादा, त्याच धंद्यात दोर सांभाळायचा. उडी मारणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर असतो. तो किती सोडायचा, कुठे आवळायचा, हे खाली उभा राहून तो बघायचा. खारीच्या जवळजवळ प्रत्येक उडीला दोर दादाच्याच हातात असे. दुसऱ्या कुणाकडे दोर असला की खारीला जेवण जात नसे.

"बलस्थानं आधी दिलीत," वहिनी वाचायला लागली. "'पहिला तास उत्तम जमला आहे. महाशक्ती मिळालेली ही मुलगी कपडे धुण्याच्या दुकानात काम करते आणि अंगात ताकद आल्यावरही तिला पहिली काळजी वाटते ती कामाला उशीर झाल्याची. आईशी तिचं भांडण होतं तो प्रसंग नायिकेने फार मनापासून केला आहे.'"

"उणिवा वाच."

"'खलनायक इतका बोलतो, की शहर नष्ट करायला त्याला वेळच उरत नाही.'" वहिनीला हसू आलं. "'शेवटची चाळीस मिनिटं इमारती कोसळत राहतात आणि कुणाला साधं खरचटतही नाही. पण सर्वांत मोठी उणीव म्हणजे ती जाहिरातीतली उडी. जळत्या इमारतीच्या जिन्यातून, लहान मुलाला छातीशी धरून, नायिका सहा मजले पाठमोरी खाली पडते. ते पाहताना मला काहीही वाटलं नाही. पडणाऱ्या देहाला वजन नाही, कारण तिथे देहच नाही. हे संगणकावर काढलेलं चित्र आहे आणि संगणकाला भीती वाटत नाही.'"

पट्टा खारीच्या हातातून सुटला आणि फटकन दारावर आदळला.

ती उडी तिने तीनदा मारली होती. पहिल्या वेळी धूर कमी पडला. दुसऱ्या वेळी कॅमेऱ्याचं काहीतरी चुकलं. तिसऱ्या वेळी सगळं जुळून आलं. फक्त चौथ्या मजल्याजवळ तिचं अंग जरासं फिरलं आणि उजवा खांदा जिन्याच्या लोखंडी कठड्यावर बसला. छातीशी धरलेलं मूल म्हणजे नुसती बाहुली होती, पण तिने ती सोडली नाही. दादाने दोर आवळून तिला जमिनीपासून हातभर वर थांबवलं, तेव्हा त्याचे हातमोजे फाटून तळवे सोलले होते. खारीचा खांदा निखळला होता. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली आणि सात महिने ती घरी होती.

सिनेमा तिने अजून पाहिला नव्हता. काम करणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खेळाच्या दिवशी तिला फिजिओकडे जायचं होतं. दादा एकटाच जाऊन आला. कसा आहे विचारलं तर म्हणाला, "ठीक आहे. गर्दी कमी झाली की जाऊ, घाई काय आहे."

"कुठे निघालीस?" वहिनीने विचारलं.

"देह दाखवायला," खार म्हणाली.

पेपरचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. समीक्षक कोपऱ्यात, झेरॉक्स मशीनला लागून असलेल्या टेबलावर बसत. साठीला आलेला माणूस. सर्दी झाली होती, त्यामुळे टेबलावर रुमालांचा ढीग होता.

"तो 'देहच नाही' वाला लेख तुमचा?"

"हो. बसा ना."

"बसायला नाही आले." खारीने शर्टाची कॉलर बाजूला ओढली. काखेच्या वरपासून गळ्याच्या हाडापर्यंत गेलेला व्रण अजून लालसर होता. "हा देह. नीट बघून घ्या. सहा मजले, तीन वेळा. आणि भीती विचारत असाल, तर तिन्ही वेळा वाटली होती."

आजूबाजूचे टाइप करणारे हात थांबले. समीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. "नायिकेने चार मुलाखतींत सांगितलंय, की सगळ्या उड्या तिने स्वतः मारल्या."

"ती सांगणारच. तुम्ही लिहायच्या आधी कुणाला विचारलंत? एका माणसाला तरी?"

"नाही. पण त्या मुलाखतींवरही मी विश्वास ठेवला नाही. ठेवला असता, तर देह आहे असं लिहिलं असतं. मला पडद्यावर जे दिसलं ते लिहिलं."

"मग डोळे तपासून घ्या."

"गेल्याच महिन्यात तपासले." ते हसले नाहीत. "तुम्ही सिनेमा पाहिलात?"

"मी उडी मारलीय. मला बघायची काय गरज?"

"तीनचा खेळ आहे. माझ्याबरोबर चला. माझं चुकलं असेल तर उद्या त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तसं छापीन. तुम्ही सांगाल त्या शब्दांत."

खारीला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर आपणच मागे हटल्यासारखं होईल, म्हणून ती गेली.

दुपारचा खेळ अर्धा भरला होता. ती दात आवळूनच खुर्चीत बसली. आणि मग तिची पंचाईत झाली, कारण पहिला तास खरंच चांगला होता. धुण्याच्या दुकानातली ती मुलगी एका हाताने भलं मोठं यंत्र उचलते आणि मालक येताना दिसला की घाईघाईने खाली ठेवते, तेव्हा सगळं थिएटर हसलं आणि खारही हसली. आईशी भांडताना नायिका रडत नाही, नुसती ताटं जोरजोरात रचत राहते. ही बाई काम करते चांगलं, तिने मनात मान्य केलं, आणि तिचा आणखीच संताप झाला. मग खलनायक आला आणि बोलायला लागला. त्याचं बोलणं लांबत गेलं तशी मागच्या रांगेत कुणीतरी चक्क घोरायला लागलं.

समीक्षक हळूच म्हणाले, "आता येतेय."

आग लागली. जिना आला. नायिकेने मुलाला छातीशी धरलं आणि मागे झोकून दिलं.

खार पुढे सरकून बसली. ती उडी तिला आतून पाठ होती. केस तोंडात जातात. पोट गळ्याशी येतं. चौथ्या मजल्यावर कठड्याचा दणका बसतो, तोंड उघडतं, आवाज निघतो. खाली दोर आवळला जातो तेव्हा एक हिसका कमरेतून मानेपर्यंत चढतो.

पडद्यावर यातलं काही नव्हतं. एक बाई पिसासारखी तरंगत खाली येत होती. केस छान पसरले होते. चेहरा नायिकेचा होता, शांत, ओठांवर किंचित हसू असलेला. कठडा होता, पण ती त्याला न लागता त्याच्या शेजारून गेली. शेवटी हिसकाही नव्हता. ती अलगद उतरली, जणू कुणी फुलदाणी टेबलावर ठेवावी. खारीने पुन्हा पुन्हा शोधलं. पडताना तिचा डावा गुडघा नेहमी जरा आत वळतो. स्टंट बसवणारे मास्टर चौदा वर्षं त्यावरून ओरडत आले होते. तो वळलेला गुडघा तेवढा पडद्यावर होता. बाकी तिला पुसून टाकलं होतं.

म्हणजे शेजारचा माणूस खोटं लिहीत नव्हता. हे कळल्यावर तिचा राग कमी झाला नाही. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून तो आणखी चढला.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. "थांबा," खार म्हणाली. "नावं बघायचीत."

नावं अकरा मिनिटं चालली. झाडूवाली बाई दाराशी हात बांधून उभी राहिली. गाड्या चालवणारे, जेवण पुरवणारे, केस विंचरणारे, धूर करणारे. नायिकेच्या कुत्र्याला सांभाळणाऱ्याचंही नाव होतं. 'दोर आणि पुली' या मथळ्याखाली सहा नावं आली. त्यातलं चौथं दादाचं होतं. खारीचं कुठेच नव्हतं.

"तुमचं नाव राहिलं का?" समीक्षकांनी विचारलं.

"राहिलं नाही," खार म्हणाली. "काढलंय." आणि त्यांचा निरोपही न घेता ती बाहेर पडली.

स्टुडिओच्या मागे पत्र्याचं गोदाम होतं. तिथे दादा स्टुलावर बसून दोर तपासत होता. दोर वितीवितीने बोटांतून सरकवत जायचं, कुठे धागा उसवला असेल तर बोटांना कळतं. बहिणीला दारात बघूनही त्याचे हात चालूच राहिले.

"कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव आहे, दादा."

"बघून आलीस."

"तुला माहीत होतं. सगळं. नाव नाही ते, आणि ती उडी कशी करून टाकलीय ते."

दादाने दोर खाली ठेवला. "मास्टरनी बोलावलं होतं. म्हणाले, बाई सगळीकडे सांगतायत की उड्या माझ्याच. यादीत डुप्लिकेटचं नाव आलं तर त्या खोट्या पडतील."

"आणि हिसका का काढला? कठड्याचा दणका का काढला?"

"दिग्दर्शकाला नको होता. म्हणाला, इतकी ताकदवान मुलगी, तिचं तोंड वेडंवाकडं झालेलं लोकांना आवडणार नाही."

"माझं तोंड वेडंवाकडं झालं, कारण माझा खांदा निखळला होता."

"ते मला सांगतेस? मी होतो तिथे."

"तू होतास म्हणूनच तुला सांगतेय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. सात महिने रोज माझ्यासमोर बसून जेवलास. एक शब्द काढला नाहीस."

"काय काढायचा होता? यादी माझ्या हातात होती का?" दादा उठून उभा राहिला. त्याचाही आवाज चढला. "मी तोंड उघडलं असतं तर दोघांचंही काम गेलं असतं. खांदा बरा झाल्यावर तुला परत उभं कोण करणार होतं? तुला काय, तू वरून उडी टाकतेस. खाली मी उभा असतो. तुझी हाडं मोडली तर ती माझ्या हातून मोडतात. तुला वाटतं मी सुखाने गप्प बसलो?" मग तो जरा थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आपल्या घरातलं एक तरी नाव आलं ना."

खारीला आधी ते नीट ऐकूच आलं नसावं. ती दोन पावलं दाराकडे गेली, परत वळली.

"परत म्हण."

दादाने तोंड फिरवलं.

"म्हण ना. घरातलं एक नाव. म्हणजे मी पडायचं आणि नाव तू लावायचंस. असं असेल तर पुढच्या वेळी तू वर चढ, मी दोर धरते."

तिने समोरच्या रिकाम्या पिंपाला लाथ घातली. पिंप गडगडत भिंतीपर्यंत गेलं. दादाने ते उचलून जागेवर ठेवलं आणि पुन्हा दोर हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार पेपरच्या कार्यालयात खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. समीक्षकांनी लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाले, "तुम्ही त्यांना काही सही करून दिलंय का?"

"दिलंय. सिनेमाबद्दल दोन वर्षं बाहेर काही बोलायचं नाही म्हणून."

"मग नाव छापलं तर तुम्हाला त्रास होईल. नाव न देताही लिहिता येईल मला."

"नाव न देता तर त्यांनीही केलंय," खार म्हणाली. "मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

समीक्षकांनी नाव छापलं. आडनावासकट, पहिल्याच ओळीत. त्यांनी लिहिलं, की पडद्यावर जे दिसलं त्याबद्दलचं माझं मत मी बदलत नाही, पण तिथे देह नव्हता असं लिहिलं ती चूक होती. देह होता. त्याला लागलं होतं, तो भ्यायला होता. या सिनेमाकडे असलेली सर्वांत खरी गोष्ट तीच होती आणि ती लोकांना दाखवायची त्यांना लाज वाटली. आपल्या महाशक्तिवान मुलीला दुखतं हे एकदाच दिसलं असतं, तर पुढची चाळीस मिनिटं मी श्वास रोखून बसलो असतो.

त्याच दुपारी मास्टरचा फोन आला. चौदा वर्षं त्यांनी तिला 'बेटा' म्हटलं होतं. आज 'बाई' म्हणाले. "बाई, तुम्ही आता पेपरवाल्यांकडेच काम बघा. आणि भावालाही सांगा, उद्यापासून येऊ नको म्हणावं."

"त्याचा काय संबंध? मी बोलले."

"घर एकच आहे ना," मास्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

दादाने ते ऐकलं आणि खारीशी बोलणं टाकलं. एकोणीस दिवस टाकलं. एकाच टेबलावर बसून "तिला मीठ द्यायला सांग" असं तो बायकोला सांगायचा. वहिनी एकदा वैतागून म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे का?" आणि ताट घेऊन आत निघून गेली. दोघं भाऊबहीण समोरासमोर तसेच बसून राहिले, मीठ मधे ठेवून.

पण फोन येत होते. पहिला आला तो बस उलटवणाऱ्याचा. त्याने अकरा सिनेमांत अकरा बसगाड्या उलटवल्या होत्या आणि एकाही यादीत तो नव्हता. मग एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंचा आला. त्यांचे दोन्ही गुडघे आता धातूचे होते. त्या म्हणाल्या, "मी ज्यांच्यासाठी पडायचे त्या बाईंना धाडसासाठी बक्षीस मिळालं. मला बोलावलंही होतं, टाळ्या वाजवायला." त्या हे हसत सांगत होत्या, पण खारीला हसता आलं नाही.

स्टंट करणाऱ्यांची एक संघटना होती. एरवी तिच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या असत. या वेळी सतरा जण आले. खारीने लेखी मागणी ठेवली, की जो पडतो त्याचं नाव यादीत आलं पाहिजे. अध्यक्ष स्वतः कधीकाळी घोड्यांवरून पडलेले होते. त्यांनी कागद वाचला आणि लेख छापून आल्यावर सिनेमाच्या कंपनीने संघटनेला पाठवलेलं पत्र पुढे सरकवलं.

"कंपनी म्हणते, ती उडी माणसाने मारलेलीच नाही. संगणकावर केलीय. पुरावा म्हणून त्यांनी हे पहिलं परीक्षण जोडलंय." त्यांनी कात्रण वर धरलं. "पडणाऱ्या देहाला वजन नाही, कारण तिथे देहच नाही."

खारीच्या कानशिलात रक्त चढलं. "महिनाभर ते सांगत होते की नायिकेने मारली. आता म्हणतात कुणीच नाही मारली. एक काहीतरी ठरवा म्हणावं."

"मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण लेखी काय आहे तुझ्याकडे? दवाखान्याच्या कागदावर 'जिन्यावरून पडली' असं लिहिलंय."

तसं लिहायला मास्टरनी सांगितलं होतं. त्या वेळी वेदनेत तिने सही केली होती. ती उत्तर शोधत असताना मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दादा कधी येऊन बसला होता ते तिला कळलंही नव्हतं. त्याने खिशातून हात काढले आणि तळवे वर करून अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवले. सोललेल्या जागी कातडी गुळगुळीत आणि पांढरी झाली होती.

"दोर माझ्या हातात होता," तो म्हणाला. "तिन्ही वेळा. तिसऱ्या वेळी तिचं वजन या हातांवर आलं. किती आलं ते मला विचारा, लिहून देतो. मास्टरनी नाव काढायला सांगितलं तेव्हा मी तिथे होतो आणि गप्प बसलो, तेही लिहा."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. मत घेतलं तेव्हा बारा विरुद्ध पाच असं ठरलं, की यापुढे नाव देण्याची अट करारात नसेल तर कुणी उंचीवरून पडायचं नाही. पाच जणांनी विरोध केला कारण त्यांची पुढच्याच आठवड्यात कामं होती, आणि त्यांना कुणी दोष दिला नाही. त्या सिनेमाची यादी मात्र होती तशीच राहिली. तो आणखी सात आठवडे चालला. मास्टरनी खारीच्या जागी दुसरी मुलगी उभी केली होती, हेही त्या बैठकीतच कळलं.

बाहेर आल्यावर खार बसथांब्याच्या दिशेने भराभर चालत होती. दादा मागून आला.

"खार, ऐक."

"ऐकतेय."

"आधी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

तो आणखी काही म्हणेल म्हणून न थांबता ती थांब्यापर्यंत चालत राहिली. बस आली. दादा पायरीवर चढला आणि वळून बघू लागला. "येतेस ना?"

"तू हो पुढे," खार म्हणाली. "मी पुढच्या बसने येते."